मुंबईहून चिखलदरा : आखणी शेवटच्या शंभर किलोमीटरपासून

मुंबई, ठाणे, पालघर किंवा रत्नागिरीहून विदर्भातील चिखलदऱ्याला जाऊ इच्छिणाऱ्यांचे प्रश्न बहुधा एकाच गोंधळातून निघतात. चिखलदऱ्याला रेल्वे जात नाही. नकाशावर जवळ दिसणारे अचलपूर स्थानक आज प्रवाशांच्या उपयोगाचे नाही. अमरावती, बडनेरा आणि अकोला यांपैकी तिकीट कोठले काढावे हे उमगत नाही. आणि ‘पावसाळ्यातच जा’ असे सांगणारे जितके भेटतात, तितकेच ‘पावसाळ्यात धुक्याशिवाय काही दिसत नाही’ असेही सांगणारे भेटतात. या गोंधळाचे मूळ असे की, प्रवासाची आखणी बहुतेक जण मुंबईच्या टोकापासून सुरू करतात, आणि प्रवासातली खरी अडचण मात्र दुसऱ्या टोकाला असते.

मुंबई ते बडनेरा हे सुमारे साडेसहाशे किलोमीटरचे अंतर रात्रीच्या झोपेत पार पडते. बडनेऱ्याहून अमरावती आणि परतवाडामार्गे चिखलदऱ्यापर्यंतचे जेमतेम शंभर किलोमीटरचे अंतर मात्र उजेडात, घाटातून, आणि एसटीच्या किंवा भाड्याच्या गाडीच्या वेळा सांभाळून कापावे लागते. त्यामुळे आधी परतवाड्याहून वर किती वाजता निघायचे हे ठरवावे, त्यावरून बडनेऱ्याला किंवा अमरावतीला किती वाजता पोहोचायचे हे काढावे, आणि मुंबईहून सुटणारी गाडी सर्वांत शेवटी निवडावी. पुढील मार्गदर्शन याच उलट्या क्रमाच्या हिशेबाने केले आहे, जरी वाचनाच्या सोयीसाठी टप्पे मुंबईपासूनच मांडले आहेत.

ठिकाण आणि त्याची उंची

चिखलदरा हे अमरावती जिल्ह्यातील तालुक्याचे गाव सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंचीवर वसलेले असून विदर्भातील एकमेव थंड हवेचे ठिकाण म्हणून ते ओळखले जाते. १८२३ साली हैदराबादच्या फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन याने ही जागा इंग्रजांच्या नजरेस आणली अशी नोंद आढळते. त्याआधीची ओळख मात्र महाभारताशी जोडलेली आहे, कारण भीमाने कीचकाचा वध करून त्याला ज्या दरीत टाकले ती ‘कीचकदरा’ हीच, असे लोक मानतात.

ही उंची साधारण माथेरान-महाबळेश्वरच्या दरम्यानची आहे. म्हणजे हिमालयातल्या सहलीसाठी सांगितल्या जाणाऱ्या विरळ हवेच्या आजाराची, हवामानाशी जुळवून घेण्याच्या विश्रांतीची किंवा त्यासाठीच्या औषधांची येथे गरज नाही. किनाऱ्यावरून येणाऱ्यांना जाणवतो तो फरक वेगळा असतो : वऱ्हाडच्या सपाटीवरचा कोरडा उन्हाळा, आणि वर गेल्यावर अचानक उतरणारा पारा. मे महिन्यात अमरावती-अकोल्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि दमट हवेची सवय असलेल्या माणसाला घाम दिसत नसल्याने आपल्या शरीरातले पाणी कमी होत आहे हे उशिरा कळते. डिसेंबर-जानेवारीतल्या रात्री याच्या उलट असतात, आणि ‘महाराष्ट्रात थंडी ती किती असणार’ या समजुतीने एक पातळ स्वेटर घेऊन आलेल्या मुंबईकराची तेथे फजिती होते.

आधी ऋतू ठरवावा, मग तारीख

ऋतूची निवड ही आवडीची बाब असली तरी प्रत्येक ऋतूत काय मिळते आणि काय गमवावे लागते हे आधी माहीत असावे.

- जुलै ते सप्टेंबर : धबधबे, हिरवाई आणि धुके. धुके दाट असेल तर देवी पॉइंट, हरिकेन पॉइंट किंवा पंचबोल पॉइंट येथून दरी अजिबात दिसत नाही, पांढरा पडदा तेवढा दिसतो. शिवाय याच काळात मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातील सफारी बंद असते. ज्यांना पाऊस आणि धुके हेच हवे आहे त्यांच्यासाठी हा काळ उत्तम.
- ऑक्टोबर ते फेब्रुवारी : दऱ्या स्वच्छ दिसतात, सफारी सुरू असते, गाविलगड किल्ला पायी पाहता येतो, आणि हिवाळ्यात मोथा परिसरातील शेतांत स्ट्रॉबेरी मिळते. लहान मुले किंवा वयस्क सोबत असतील तर हाच काळ निवडावा.
- मार्च ते जून : झाडी विरळ झाल्यामुळे आणि पाणवठे कमी उरल्यामुळे वन्यप्राणी दिसण्याची शक्यता वाढते. वर हवा सुसह्य असते, पण तेथे पोहोचेपर्यंतची सपाटी भाजून काढते; म्हणून बडनेरा ते परतवाडा हा टप्पा सकाळी दहाच्या आत संपवावा.

पावसाळ्यातील शनिवार-रविवार आणि १५ ऑगस्टला लागून येणाऱ्या सुट्ट्या या दिवशी अमरावती, अकोला आणि नागपूरहून शेकडो गाड्या एकाच वेळी घाट चढतात. मुंबईहून इतक्या लांब येणाऱ्याने सोमवार ते गुरुवार यांपैकी दिवस धरणे शहाणपणाचे ठरते, कारण एका दिवसात येऊन परतण्याची सोय असलेल्या जवळच्या लोकांबरोबर गर्दीत स्पर्धा करण्यात लांबून आलेल्याचाच तोटा होतो.

रेल्वे : बडनेरा, अमरावती की अकोला?

बडनेरा हे मुंबई–भुसावळ–नागपूर–हावडा या मुख्य मार्गावरचे जंक्शन असून अमरावती शहर तेथून सुमारे दहा किलोमीटरवर, एका फाट्यावर आहे. त्यामुळे नागपूर-हावडाकडे जाणाऱ्या गाड्या अमरावतीला न जाता बडनेऱ्यालाच थांबतात. आरक्षणाच्या वेळी ‘अमरावती’ एवढेच टाकून शोधणाऱ्याला मोजक्या गाड्या दिसतात आणि ‘जागा नाही’ असा चुकीचा समज होतो. ‘बडनेरा’ टाकून पुन्हा शोधले की पर्याय वाढतात.

- मुंबई–अमरावती एक्सप्रेस (१२१११) : छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून रात्री साधारण आठच्या सुमारास सुटून सकाळी थेट अमरावतीला पोहोचते. चिखलदऱ्यासाठी हीच गाडी सर्वांत सोयीची, कारण उतरल्यावर पूर्ण दिवस हाताशी राहतो. परतीची गाडी १२११२ संध्याकाळी अमरावतीहून निघते.
- विदर्भ एक्सप्रेस (१२१०५) : गोंदियाकडे जाणारी ही गाडी बडनेऱ्याला पहाटे आणून सोडते. उजाडेपर्यंत प्रतीक्षालयात थांबण्याची तयारी ठेवावी.
- सेवाग्राम एक्सप्रेस (१२१३९) : दुपारी निघून बडनेऱ्याला मध्यरात्रीनंतर पोहोचते. कुटुंबासह जाणाऱ्यांनी ही टाळावी, किंवा अमरावतीत रात्रीची खोली आधी ठरवून मगच घ्यावी.
- गीतांजली एक्सप्रेस (१२८५९) : मुंबईहून सकाळी निघते आणि दुपारनंतर बडनेऱ्याला येते. अशा वेळी त्याच दिवशी घाट चढण्याचा हट्ट न धरता अमरावतीत किंवा परतवाड्यात मुक्काम करावा.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्याकडील प्रवाशांना मुंबईत गाडी बदलण्याऐवजी मडगाव–नागपूर ही विशेष गाडी उपयोगी पडते, कारण ती कोकण रेल्वेवरून पनवेल, कल्याण, भुसावळ, अकोला आणि बडनेरा अशी जाते. मात्र विशेष गाड्या ठरावीक मुदतीपुरत्या चालवल्या जातात व मुदत वाढवली तरच पुढे सुरू राहतात, म्हणून तारीख टाकून खात्री करावी. सुरतकडील मराठी कुटुंबांसाठी जळगावमार्गे सुरत–अमरावती एक्सप्रेस आठवड्यातील ठरावीक दिवशी उपलब्ध असते.

अकोला निवडण्याचे कारण एकच असू शकते : सहलीत नरनाळा किल्ला आणि शहानूरचे सफारी प्रवेशद्वार समाविष्ट असणे. ही दोन्ही ठिकाणे अकोटच्या बाजूने आहेत, आणि ती पाहून पुढे अंजनगाव सुर्जी व परतवाडामार्गे चिखलदऱ्याला जाता येते. निव्वळ चिखलदऱ्यासाठी अकोल्याला उतरण्यात फायदा नाही.

जुनी प्रवासवर्णने आणि जुने नकाशे वाचून आखणी करणाऱ्यांची दोन ठिकाणी फसगत होते. अकोला–खंडवा ही मेळघाटच्या जंगलातून धूळघाटमार्गे जाणारी मीटरगेज रेल्वे गेज रुंदीकरणासाठी २०१७ मध्ये बंद झाली. अकोला ते अकोट हा तुकडा रुंद झाला, पण जंगलातून जाणारा जुना मार्ग आज प्रवासासाठी उपलब्ध नाही. मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी ‘शकुंतला’ ही अरुंद मापाची गाडीही बंद आहे. शकुंतला पुन्हा सुरू व्हावी अशी वऱ्हाडातील मागणी जुनी आणि रास्त असली, तरी त्या भरवशावर तिकीट काढता येत नाही.

आरक्षण करताना

१ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे, आणि या ६० दिवसांत प्रवासाचा दिवस धरला जात नाही. म्हणजे १५ ऑगस्टच्या प्रवासाचे आरक्षण १६ जूनला उघडते. मुंबई–अमरावती एक्सप्रेसवर दिवाळी आणि मे महिन्यात वऱ्हाडात गावी जाणाऱ्यांचा मोठा ताण असतो, म्हणून या काळात पहिल्याच दिवशी आरक्षण करणे उचित. तत्काळ कोट्याचे आरक्षण गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी वातानुकूलित वर्गांसाठी सकाळी १० वाजता आणि अन्य वर्गांसाठी ११ वाजता सुरू होते, आणि जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी खाते आधारशी जोडलेले असणे आवश्यक झाले आहे. ही जोडणी आदल्या रात्री न करता आधीच करून ठेवावी.

प्रतीक्षायादी आणि आरएसी यांतील फरक निर्णयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. आरएसी म्हणजे अर्ध्या बर्थवर बसण्याची हमी. ते तिकीट असलेल्याला गाडीत चढता येते. ऑनलाइन काढलेले तिकीट अंतिम तक्ता लागल्यानंतरही पूर्णतः प्रतीक्षायादीत राहिले, तर ते आपोआप रद्द होऊन पैसे परत मिळतात आणि त्या तिकिटावर चढणे हा विनातिकीट प्रवास ठरतो. सहा जणांच्या तिकिटावर दोघांची जागा निश्चित आणि चौघे प्रतीक्षेत, अशी स्थिती आल्यास तक्ता लागण्याची वाट न पाहता पर्यायी गाडी शोधावी.

पासष्टीच्या आई-वडिलांसाठी अर्धे तिकीट मिळेल अशी अपेक्षा अजूनही अनेकांना असते. परंतु ज्येष्ठ नागरिकांची रेल्वेभाड्यातील सवलत मार्च २०२० मध्ये थांबवली गेली. ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील महिला यांच्यासाठी खालच्या बर्थचा कोटा मात्र आहे. तो मिळण्याची शक्यता वाढवायची असेल तर ज्येष्ठांचे तिकीट तरुणांपासून वेगळे, एका-दोघांचे काढावे.

विमान

अमरावतीजवळील बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईसाठी अलायन्स एअरची सेवा सुरू झाली. हे लहान विमान रोज नसते. त्यामुळे आधी विमानाचे दिवस पाहून त्याभोवती सहल बसवावी लागते, उलट नव्हे. दुसरा पर्याय नागपूरचा. तेथे उड्डाणे भरपूर आहेत, पण नागपूर ते चिखलदरा रस्त्याने सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास असल्याने वाचलेला वेळ बराचसा रस्त्यातच जातो. रात्रीच्या रेल्वेशी तुलना करता विमानाचा खरा लाभ केवळ आजारी किंवा लांब बसू न शकणाऱ्या माणसाला होतो.

स्वतःची गाडी आणि समृद्धी महामार्ग

जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून ७०१ किलोमीटरचा मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग सलग वापरता येतो. अमरावतीकडे जाणाऱ्यांनी कारंजा लाड किंवा नांदगाव खंडेश्वरजवळ खाली उतरावे. जुना पर्याय म्हणजे धुळे, जळगाव, मलकापूर, अकोला, मूर्तिजापूर असा राष्ट्रीय महामार्ग ५३. याच रस्त्याच्या अमरावती–अकोला टप्प्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण सलग १०५ तास ३३ मिनिटांत करून विश्वविक्रम नोंदवला गेला होता. जेवण, पंप आणि गावे वाटेत वारंवार लागत असल्याने लहान मुलांसह जाणाऱ्यांना हा रस्ता आजही बरा पडतो.

समृद्धीवर दुचाकी आणि रिक्षांना मनाई आहे. दुचाकीने कसारा घाट चढून थेट समृद्धी गाठण्याचा बेत करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. सरळ, एकसुरी रस्त्यावर सतत एकाच वेगाने जाताना चालकाचे डोळे उघडे आणि मन सुस्त अशी अवस्था येते, आणि उन्हाळ्यात तापलेल्या सिमेंट काँक्रीटवर झिजलेला किंवा कमी-अधिक हवा भरलेला टायर फुटतो. दर दोन तासांनी थांबणे, निघण्यापूर्वी टायर तपासणे, आणि रात्री बारा ते पहाटे पाच या वेळात न चालवणे हे तीन नियम पुरेसे आहेत. मुंबईहून पहाटे निघून अमरावतीला संध्याकाळी मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घाट, हीच योग्य विभागणी. एका दमात चिखलदरा गाठण्याच्या नादात घाटाचा टप्पा अंधारात येतो.

खासगी ट्रॅव्हल्सच्या स्लीपर बसने अमरावतीला जाणाऱ्यांनी बसमध्ये शिरल्यावर आपत्कालीन दार व काच फोडण्याचा हातोडा कोठे आहे हे आधी पाहावे. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. त्यानंतर तरी ही तपासणी अतिसावधपणाची मानू नये.

परतवाडा आणि वरचा घाट

अमरावती ते परतवाडा सुमारे ५० किलोमीटर, आणि परतवाडा ते चिखलदरा जवळच्या मार्गाने सुमारे ३० किलोमीटर. परतवाडा हे अचलपूरला लागून असलेले, इंग्रजांच्या छावणीतून वाढलेले गाव. वर जाण्यापूर्वीची शेवटची मोठी बाजारपेठ तीच. इंधन, रोख रक्कम, नेहमीची औषधे आणि मोबाइलवर उतरवून ठेवलेला नकाशा ही चार कामे येथेच उरकावीत, कारण घाटात आणि जंगलात मोबाइलचे नेटवर्क सलग मिळत नाही आणि ऑनलाइन पैसे देण्याची सोय त्यावरच अवलंबून असते.

परतवाड्याहून वर दोन रस्ते जातात. धामणगाव गढी आणि मोथा या गावांवरून जाणारा रस्ता जवळचा आहे. दुसरा रस्ता परतवाडा–धारणी मार्गाने घटांगपर्यंत जाऊन तेथून चिखलदऱ्याकडे वळतो. तो लांबचा, जंगलातला आणि सेमाडोह, कोलकास, हरिसाल ही ठिकाणे जोडायची असतील तर उपयोगी. जाताना एक आणि येताना दुसरा अशी योजना केल्यास दोन्ही बाजू पाहून होतात. पावसाळ्यातील गर्दीच्या दिवसांत पोलीस कधी कधी एकेरी वाहतूक लागू करतात, म्हणजे एका रस्त्याने केवळ चढणे आणि दुसऱ्याने केवळ उतरणे. अशा वेळी अनोळखी रस्त्यावर वाढीव तासभर हाताशी नसेल तर परतीची गाडी चुकते.

एसटीने जाणाऱ्यांसाठी अमरावतीच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून परतवाड्याला वारंवार आणि चिखलदऱ्याला मोजक्या गाड्या असतात. थेट गाडीची वाट पाहत अमरावतीला बसून राहण्यापेक्षा परतवाडा गाठावे आणि तेथून चिखलदऱ्याची एसटी किंवा काळी-पिवळी जीप घ्यावी. मात्र जीप पूर्ण भरल्याशिवाय निघत नाही आणि संध्याकाळनंतर ती मिळेलच असे नाही, त्यामुळे परतवाडा दुपारी तीनच्या आत सोडण्याचे गणित ठेवावे.

भाड्याची गाडी ठरवताना पिवळ्या पाटीचीच घ्यावी. पांढऱ्या पाटीची म्हणजे खासगी नोंदणीची गाडी स्वस्तात मिळते, पण ती भाड्याने चालवणे कायद्याला धरून नसते आणि अपघात झाल्यास प्रवाशांच्या विमाभरपाईवर वाद उभा राहतो. भाडे ठरवताना चालकाचा मुक्काम, टोल, आणि वरच्या ठिकाणांची फिरती त्यात धरली आहे की नाही, हे लेखी संदेशात घ्यावे.

स्वतः गाडी घेऊन घाट चढणाऱ्यांनी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, उतारावर न्यूट्रल न करता ज्या गिअरमध्ये चढलो त्याच्या आसपासच्या गिअरमध्ये उतरावे, आणि धुक्यात अपर दिवे न लावता डिपर ठेवावेत, कारण अपरचा प्रकाश धुक्यावर आपटून चालकाच्याच डोळ्यांत परततो. ज्यांना गाडी लागते त्यांनी परतवाड्यात भरपेट न खाता हलका नाश्ता करावा आणि पुढच्या बाकावर बसावे.

हा डोंगर चढण्याची अडचण नवी नाही. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली याच्या फौजेने गाविलगडावर हल्ला केला तेव्हा दक्षिणेची चढण तोफांसाठी अशक्य असल्याने कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीला डोंगरांना वळसा घालून, रस्ता तयार करीत, कित्येक दिवस तोफा ओढत उत्तरेच्या बाजूला यावे लागले, आणि १५ डिसेंबरला किल्ला पडला तो त्याच बाजूने. आज चिखलदऱ्याहून किल्ल्याकडे जाणारा प्रवासी याच सोप्या, उत्तरेच्या पठारावरून जातो.

किती दिवस, आणि ते कसे वाटावेत

मुंबईहून दोन रात्री रेल्वेत आणि दोन रात्री चिखलदऱ्यात, ही किमान योग्य योजना. एकच रात्र वर काढणाऱ्याचा जाण्यायेण्याचा वेळ राहण्याच्या वेळेपेक्षा जास्त होतो.

पहिल्या दिवशी अमरावतीला उतरून दुपारपर्यंत वर पोहोचावे आणि संध्याकाळी भीमकुंड व देवी पॉइंट एवढेच पाहावे. दुसरा दिवस पूर्ण मोकळा ठेवून सकाळी गाविलगड करावा. बहामनी काळातील हा किल्ला विस्ताराने मोठा, आत तलाव, मशीद आणि एकामागोमाग येणारे दरवाजे असलेला आहे. चालायला किमान तीन तास, पाण्याच्या बाटल्या आणि घट्ट तळव्याचे बूट लागतात. परिसर जंगलाचा असल्याने एकट्याने किंवा दुपारनंतर जाऊ नये आणि वनखात्याच्या नाक्यावर नोंद करूनच आत शिरावे. दुपारी पंचबोल पॉइंट आणि त्या बाजूचे कॉफीचे मळे. कॉफी पिकणारी जागा महाराष्ट्रात विरळाच, हे विकत घेताना ध्यानात असू द्यावे. तिसऱ्या दिवशी सफारी किंवा घटांगमार्गे उतरणे, आणि संध्याकाळच्या रेल्वेसाठी अमरावतीला गाडी सुटण्याच्या किमान दोन तास आधी पोहोचणे.

गोराघाट ते हरिकेन पॉइंट या ४०७ मीटरच्या काचेच्या स्कायवॉकची चलचित्रे पाहून अनेक जण केवळ त्यासाठी बेत आखतात. सिडकोच्या या प्रकल्पाचे काम वर्षानुवर्षे रेंगाळलेले आहे. तो लोकांसाठी खुला असल्याची खात्री आपल्या निवासाच्या व्यवस्थापकाकडून करून घेतल्याशिवाय सहलीचा भर त्यावर ठेवू नये.

सफारीबाबतचे गैरसमज

मेळघाट हा १९७३-७४ मध्ये देशात पहिल्यांदा घोषित झालेल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक असून त्याचे क्षेत्र सुमारे २,७६८ चौरस किलोमीटर आहे. त्यातील ‘गाभा’ म्हणजे मानवी वापरापासून शक्य तितके मुक्त ठेवलेले क्षेत्र, आणि ‘बफर’ म्हणजे त्याभोवतीचा, गावे व शेती असलेला पट्टा. दोन्हींचे नियम, वेळा आणि शुल्क वेगळे असतात. आरक्षण प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावे, नोंदवलेले ओळखपत्र मूळ प्रतीत न्यावे, आणि निवडलेले प्रवेशद्वार आपल्या मुक्कामापासून किती लांब आहे हे आधी पाहावे. चिखलदऱ्यात राहून शहानूरच्या पहाटेच्या फेरीचे आरक्षण करणाऱ्याला रात्रीच घाट उतरावा लागतो, आणि ही चूक वरचेवर होते.

ताडोब्यातल्यासारखा वाघ येथे सहज दिसत नाही, कारण मेळघाटचे जंगल डोंगरउतारांचे, दाट आणि विस्तीर्ण आहे. रानगवा, अस्वल, आणि पक्षिप्रेमींसाठी रानपिंगळा हे येथील खरे आकर्षण; एकेकाळी नामशेष मानला गेलेला हा पिंगळा १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात पुन्हा सापडला आणि नंतर मेळघाटातही त्याची नोंद झाली. वाघच पाहायचा असेल तर त्यासाठी वेगळी सहल आखावी.

जंगलातील रस्त्यांवर गाडी थांबवून उतरणे, माकडांना खाऊ घालणे आणि ड्रोन उडवणे टाळावे. यातील काही बाबी दंडनीय आहेत. रात्रीच्या वाहतुकीवर निर्बंध असू शकतात, म्हणून धारणी किंवा अकोटच्या दिशेने निघताना नाक्याची वेळ विचारून घ्यावी. कोरकू आदिवासींच्या पाड्यांवर घरांची किंवा माणसांची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नयेत.

निवास आणि सामान

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवास, सेमाडोह व कोलकास येथील वनखात्याच्या निवासी सोयी, आणि खासगी हॉटेले असे तीन प्रकारचे पर्याय आहेत. वनखात्याची जागा हवी असेल तर मुक्काम जंगलात पण चिखलदऱ्याच्या पॉइंटांपासून दूर पडतो, हे गृहीत धरावे. पावसाळ्यात खोली घेताना गरम पाणी, वीज गेल्यावर जनरेटर, आणि खोलीतील ओल यांविषयी स्पष्ट विचारावे.

सामानात पुढील गोष्टी असाव्यात :

- पावसाळ्यात छत्रीऐवजी रेनकोट, कारण पॉइंटांवर वारा छत्री टिकू देत नाही
- हिवाळ्यात जाड स्वेटर, कानटोपी आणि मोजे
- डासांसाठी मलम आणि पूर्ण बाह्यांचे कपडे
- क्षार-साखरेची पाकिटे, नेहमीच्या औषधांचा दोन दिवसांचा वाढीव साठा, आणि बॅटरी

चिखलदऱ्यात ग्रामीण रुग्णालय आहे. गंभीर दुखण्यासाठी अचलपूर किंवा अमरावती गाठावे लागते. हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी ही गोष्ट निघण्याआधीच डॉक्टरांशी बोलावी. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसह अन्य तातडीसाठी ११२, आणि वनखात्याच्या मदतीसाठी १९२६ हे क्रमांक कागदावरही लिहून ठेवावेत.

सवलती आणि हक्क

एसटीमध्ये १७ मार्च २०२३ पासून महिलांना राज्याच्या हद्दीत अर्धे तिकीट आहे. ६५ ते ७५ वर्षे वयाच्या ज्येष्ठांना ५० टक्के सवलत, आणि ७५ वर्षांवरील व्यक्तींना मोफत प्रवास मिळतो. वयाचा पुरावा वाहकाला दाखवावा लागतो.

रेल्वे तीन तासांहून अधिक उशिराने सुटणार असेल आणि आपण प्रवास रद्द करीत असाल, तर पूर्ण भाडे परत मिळण्याचा हक्क आहे. मात्र ऑनलाइन तिकिटासाठी टीडीआर, म्हणजे परताव्याचा दावा, गाडी आपल्या स्थानकावरून प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी दाखल करावा लागतो. गाडीतील तक्रारीसाठी १३९ हा क्रमांक आहे. विमान कंपनीने उड्डाण रद्द केल्यास पर्यायी उड्डाण किंवा पूर्ण परतावा यांपैकी निवड प्रवाशाची असते. कंपनीने परस्पर ‘क्रेडिट’ दिले तर ते स्वीकारण्याचे बंधन नाही.

हॉटेल किंवा उपाहारगृहाने बिलात आपोआप लावलेला सेवा आकार देणे बंधनकारक नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती कायम ठेवली. आरक्षित खोली न देणे किंवा छायाचित्रापेक्षा वेगळी खोली देणे ही सेवेतील त्रुटी ठरू शकते. अशा वेळी प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. तेवढ्याने निकाल लागला नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार स्वतःच्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगापुढे करता येते, त्यासाठी मुंबई-ठाण्याच्या रहिवाशाला अमरावतीला खेपा घालाव्या लागत नाहीत. तक्रारीसोबत पैसे दिल्याची पावती, आरक्षणाचा संदेश आणि प्रत्यक्ष खोलीची तारखेसह छायाचित्रे जोडावी लागतात. म्हणून खोलीचे पैसे रोख दिले तरी छापील पावती घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये.